सत्काराला फेटे, सरावाला गोळी नाही

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्निल कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक पटकावले आणि महाराष्ट्रात आनंदाला उधाण आले. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी मिळवलेल्या पदकानंतर मराठी खेळाडूच्या वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी ७२ वर्षे वाट पाहावी लागली होती. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या या शिक्षकपुत्राला राज्य शासनाने १ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. चौकाचौकात फलक लागले, फेटे बांधले गेले. त्या जल्लोषात एक साधा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. पुढचा स्वप्निल आज कोठे सराव करतो आहे, आणि त्याच्याजवळ किती गोळ्या शिल्लक आहेत?

समजा, तो बारामती वा इंदापूर तालुक्यातील शेतकऱ्याचा मुलगा आहे. आरंभ दहा मीटरच्या हवाई रायफलीवर होतो. तिचा छर्रा तुलनेने स्वस्त, आणि कायद्याने सवलत दिलेल्या कमी शक्तीच्या हवाई बंदुकीला परवानाही लागत नाही. खरी परीक्षा ५० मीटरच्या .२२ रायफलीपाशी सुरू होते. त्या लक्ष्यावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्या अंतरावरून एवढ्याशा ठिपक्याचा वेध घेण्यासाठी हात स्थिर हवा, श्वास ताब्यात हवा, आणि गोळीही हवी. नुसती गोळी नव्हे, तर एकासारखी दुसरी निघणारी, त्या विशिष्ट रायफलीला मानवणाऱ्या तुकडीतली गोळी. ती येते ब्रिटन, जर्मनी वा फिनलंडच्या कंपन्यांकडून.

हिशेब करून पाहावा. दिवसाला १०० गोळ्या, आठवड्याचे ५ दिवस, वर्षाचे ४० आठवडे, म्हणजे २० हजार गोळ्या. एका गोळीला २० रुपये जरी धरले, तरी वर्षाचा खर्च ४ लाख. २०२४-२५ च्या हंगामात केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला उसाची रास्त व किफायतशीर किंमत टनाला ३,४०० रुपये ठरवली होती. त्या दराने ४ लाख रुपये म्हणजे सुमारे ११८ टन ऊस, आणि तोही तोडणी-वाहतुकीची कपात होण्यापूर्वीचा! नीरा-भीमेच्या पाण्यावर घाम गाळणाऱ्या कोणत्या अल्पभूधारकाने वर्षाचा सारा ऊस पोराच्या बंदुकीत घालावा?

मग तो मुलगा काय करतो? गोळीविना सराव करतो. रिकामी रायफल खांद्याला लावून भिंतीवरच्या ठिपक्यावर तासन् तास नेम धरतो. हा सराव उत्तमच. जगातील श्रेष्ठ नेमबाजही तो करतात. परंतु त्यांच्या दृष्टीने ती सरावाची एक पायरी आहे. या मुलाच्या वाट्याला तीच अखेरची पायरी येते. गोळी सुटल्यावर बसणारा धक्का, वाऱ्याने तिचे सरकणे, स्पर्धेच्या घड्याळाचा ताण, हे काही भिंतीपुढे उभे राहून शिकता येत नाही. उरलेल्या चार डब्या तो स्पर्धेसाठी राखून ठेवतो आणि प्रत्येक गोळीमागे नेमाचा नव्हे, पैशाचा विचार करतो. असे मन कधी एकाग्र होईल काय?

यावर शासनाचे उत्तर तयार असते. नामांकित नेमबाजांना शस्त्र व दारूगोळा आयात करताना सीमाशुल्कात सवलत आहे. सवलत आहे, हे खरेच. पण नामांकित ठरण्यासाठी आधी ठरावीक गुण मिळवावे लागतात, ते गुण मिळवण्यासाठी हजारो गोळ्या झाडाव्या लागतात, आणि त्या गोळ्या महागात घ्याव्या लागतात. पोहता येऊ लागल्यावरच पाण्यात उतरू देण्याचा हा न्याय आहे! ज्याला आधाराची गरज सरत आली त्याला सवलत आणि जो उंबरठ्यावर उभा आहे त्याला भुर्दंड, असे हे धोरण आहे.

त्यात परावलंबनाची भर पडते. २०२० च्या महामारीत मालवाहतूक विस्कळीत झाली. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटले, तेव्हा युरोपातील दारूगोळा उद्योगावर लष्करी मागणीचा ताण आला आणि कच्चा माल महागला. तिकडे तोफा धडधडल्या की इकडच्या मुलाचा सराव धोक्यात यावा, ही खेळातील गुलामगिरी नव्हे तर काय?

आणि हे घडते कोठे? पुणे जिल्ह्यात! खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून उभा आहे. जळगाव जिल्ह्यातील वरणगावलाही लहान शस्त्रांचा दारूगोळा तयार होतो. २०२१ साली आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन ज्या सात सरकारी कंपन्या झाल्या, त्यांतील दारूगोळ्याची ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ ही कंपनी पुण्यातच मुख्यालय थाटून आहे. सीमेवरील जवानासाठी काडतुसे घडवणाऱ्या या देशाला ऑलिम्पिकच्या दर्जाची अडीच-तीन ग्रॅमची गोळी घडवता येऊ नये? हा दिव्याखालचा अंधार आहे. उणीव बुद्धीची नाही, इच्छेची आहे.

काहींना हा श्रीमंतांचा शौक वाटतो. शिकारीचे दिवस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपवले आणि ते योग्यच झाले. सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यात आज चिंकारा निर्भयपणे चरतो. आजचा नेमबाज कागदाच्या लक्ष्याशी झुंजतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवले, राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकले. ही मध्यमवर्गीय घरांतील लेकरांची तपश्चर्या आहे. खेळ श्रीमंतांचा नाही. धोरणाने तो तसा करून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. गोळ्या स्वस्त झाल्या तर दुरुपयोग होईल म्हणे! गुन्हेगार गावठी कट्टा वापरतो, नोंदीत असलेली स्पर्धेची रायफल नव्हे. नागरिकाच्या हाती शस्त्र दिसले की दचकायचे, हा लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या शस्त्रबंदी कायद्याचा वारसा आहे. राष्ट्रसभेने पारतंत्र्यातही त्या कायद्याविरुद्ध आवाज उठवला होता. नियमन अवश्य असावे, संशय कशासाठी?

उपाय अवघड नाहीत. खडकीत स्पर्धेच्या दर्जाची .२२ गोळी तयार करण्याचे काम कालमर्यादा घालून हाती घ्यावे आणि तेथेच नेमबाजांना आपल्या रायफलीला मानवणारी तुकडी निवडता यावी. जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होतकरू मुलांना सवलतीच्या दरात गोळ्या मिळाव्यात. झाडलेल्या गोळ्यांची रिकामी टोपणे मोजून परत घ्यावीत, म्हणजे गैरवापराची शंकाही उरणार नाही. तालुका क्रीडा संकुलांत दहा मीटरची रेंज उभी राहावी. सहकारी साखर कारखान्यांनी आपल्या सभासदांच्या चार मुलांचा दारूगोळ्याचा खर्च उचलला, तर त्यांचे दिवाळे निघणार नाही.

इंदापूरच्या मातीत मालोजीराजांनी देह ठेवला. त्या मातीतल्या मुलाची मागणी फार मोठी नाही. पदक जिंकल्यावर घालायचा हार त्याने मागितलेला नाही. त्याला आज, सरावाच्या वेळी, परवडेल अशा दरात एक डबी गोळ्या हव्या आहेत. ती देण्याची दानत ज्यांच्यात नाही, त्यांनी उद्याच्या मिरवणुकीत पुढे चालण्याचा हक्कही सांगू नये!