परवडत नव्हतं म्हणे!

परवा शंकरनगर चौकात चहा पिताना एका मित्रानं तेच जुनं रडगाणं लावलं. "आपल्या लोकायले चांगल्या गाडीची कदरच नाही ना बे. शेवरले गेली, फोर्ड गेली. आपल्याले एकच मालूम, किती देते? अमेरिकन कंपनीले हे कसं परवडन?" चहा थंड होईपर्यंत भांडलो. घरी आलो तरी राग गेला नाही, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो.

मी या गाड्यांचा वैरी नाही. उलट आहे. माझ्या दारात आजही २००८ ची फिएस्टा उभी आहे, १.६ पेट्रोल. तिचं मायलेज विचारू नका, बायको ऐकते. पण ज्यानं ती गाडी चिखलदऱ्याच्या घाटात चालवली, त्याला स्टीअरिंग म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. रस्त्यावर दगड कुठे आहे, रेती कुठे आहे, सगळं हाताला कळतं. आजच्या पंधरा-वीस लाखांच्या गाड्यांत मोठमोठे पडदे आहेत, पण ती गोष्ट नाही. तेव्हा माझं म्हणणं एखाद्या जळाऊ माणसाचं म्हणून बाजूला सारू नका. प्रेम केलं म्हणूनच राग आहे.

'इथं परवडत नव्हतं' हे वाक्य तपासायला फार लांब जायची गरज नाही. तीन कारखाने बघा फक्त.

गुजरातमधलं हलोल. जनरल मोटर्सनं इथेच १९९६ मध्ये ओपेल अॅस्ट्रा काढली. २०१७ मध्ये कंपनीनं तो कारखाना चीनच्या साइक कंपनीला देऊन टाकला. आज नागपुरात सिग्नलला दिसणाऱ्या एमजीच्या गाड्या तिथूनच येतात.

साणंद. फोर्डनं एक अब्ज डॉलर घालून २०१५ मध्ये सुरू केलेला कारखाना. २०२१ मध्ये बंद. टाटांनी तो सव्वासातशे कोटींना घेतला आणि चालवून दाखवला.

आणि आपलं पुण्याजवळचं तळेगाव. २००८ मध्ये जनरल मोटर्सनं सुरू केलं, २०२० च्या डिसेंबरात शेवटची गाडी काढली. आधी एका चिनी कंपनीला विकायचं ठरलं होतं, ते फिसकटलं. मग ह्युंदाईनं घेतलं आणि २०२५ मध्ये तिथून गाड्या बाहेर पडायला लागल्या.

जमीन तीच, जीएसटी तोच, खड्डेही तेच, आणि 'किती देते' विचारणारा गिऱ्हाईकही तोच. मालक बदलल्यावर परवडायला लागलं! ह्युंदाई इंडियाचा शेअर २०२४ मध्ये बाजारात आला तेव्हा २७,८७० कोटींचा इश्यू होता, तोवरचा देशातला सगळ्यात मोठा. कियानं २०१९ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे फोर्ड इथं दमून बसली होती तेव्हा, सेल्टॉस आणली आणि लोकांनी रांगा लावल्या. मग बाजार वाईट होता की दुकानदार?

हे भारतातच झालं असतं तर एकवेळ मानलं असतं. ब्राझीलमध्ये फोर्डनं २०२१ मध्ये कारखाने बंद केले. त्यातला कमासारीचा कारखाना आज कोणाकडे आहे? बीवायडीकडे. थायलंडमधला जनरल मोटर्सचा रायोंगचा कारखाना २०२० मध्ये चीनच्या ग्रेट वॉलनं घेतला. ऑस्ट्रेलियात होल्डन बंद केली, युरोपात ओपेल विकली. म्हणजे जगभर फिरून आपले कारखाने आपल्याच स्पर्धकांच्या हवाली करायचे आणि मग घरी जाऊन ओरडायचं, चिनी आले, चिनी आले. राजेहो, चाव्या तुम्हीच दिल्या ना!

तोटा खरा होता, हे मला मान्य आहे. फोर्डनं स्वतः सांगितलं की दहा वर्षांत भारतात दोन अब्ज डॉलरवर पाणी सोडलं. पण तो तोटा झाला कशानं? २०१० मध्ये त्यांनी फिगो आणली. लहान, इथल्यासाठी विचार करून केलेली, बेताच्या किमतीची. धडाधड विकली गेली. लगेच दुसऱ्या वर्षी नवी फिएस्टा आणली आणि तिची किंमत अशी लावली की शोरूममध्ये गेलेला माणूस पत्रक घेऊन होंडाकडे वळला. २०१३ मध्ये इकोस्पोर्ट आली. चार मीटरच्या आतली एसयूव्ही लोकांना हवी आहे, हे इथं सगळ्यांच्या आधी फोर्डला कळलं. मारुतीची ब्रेझा आली २०१६ मध्ये, म्हणजे तीन वर्षं मैदान मोकळं होतं. त्या तीन वर्षांत काय केलं? काही नाही. नंतरही बंपर बदलला, पडदा मोठा केला. २०२१ मध्ये दुकान बंद झालं तेव्हाही तीच पहिली इकोस्पोर्ट विकत होते. इतक्यात ह्युंदाईनं क्रेटाची पिढी बदलून टाकली होती. एकीकडे साणंदसारखा अवाढव्य कारखाना बांधायचा आणि दुसरीकडे त्यात बनवायला नवी गाडीच द्यायची नाही, हा हिशेब कुठल्या कॉलेजात शिकवतात मला ठाऊक नाही.

जनरल मोटर्सची गोष्ट तर याहून वाईट. २०१५ च्या जुलैमध्ये कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांनी भारतात एक अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. पेपरात मथळे आले. २०१७ च्या मे महिन्यात, म्हणजे दोन वर्षंही झाली नव्हती, कंपनीनं सांगितलं की भारतात विक्री बंद. मधल्या काळात ती घोषणा वाचून ज्यांनी गाडी घेतली, एजन्सी घेतली, पुण्याला भाड्यानं खोली घेऊन नोकरी धरली, त्यांनी काय करायचं? आणि टवेरा आठवते? आपल्या विदर्भात लग्नाच्या वरातीपासून शेगावच्या दर्शनापर्यंत सगळीकडे टवेरा. २०१३ मध्ये १ लाख १४ हजार टवेरा परत बोलवाव्या लागल्या. धुराच्या चाचणीत कंपनीच्याच माणसांनी लबाडी केली होती. हे कंपनीनंच कबूल केलं, माणसं काढली. यात भारतीय गिऱ्हाइकाच्या चिक्कूपणाचा संबंध कुठे आला?

आता उलट उदाहरण. पवन गोयंका नावाचे इंजिनीअर चौदा वर्षं डेट्रॉइटला जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात होते. १९९३ मध्ये ते महिंद्रात नाशिकला आले. तेव्हा महिंद्रा म्हणजे जीप आणि ट्रॅक्टर. पुढे महिंद्रानं फोर्डशी भागीदारी केली, नाशिकला एस्कॉर्ट जोडली. ती गाडी काही फार चालली नाही आणि फोर्डनं आपली वेगळी चूल मांडली. पण जोडीदार कसं काम करतो हे महिंद्रानं बघून ठेवलं होतं. २००२ मध्ये गोयंकांच्या चमूनं स्कॉर्पिओ आणली. ती आजही विकली जाते, नागपुरात तर पुढाऱ्यांशिवायही लोक घेतात! म्हणजे अक्कल डेट्रॉइटमध्ये होती. ती वापरायची इच्छा नव्हती.

जीपचंही तसंच. माझ्या मामाची काटोलला संत्र्याची बाग आहे. तिथे एक जुनी महिंद्रा जीप आहे, तिचं वय मामालाही नक्की सांगता येत नाही. महिंद्रानं १९४७ मध्ये विलीज जीप जोडायला घेतली आणि मग ती सोडलीच नाही. २०१८ मध्ये त्याच जीपची नात 'रॉक्सर' नावानं महिंद्रानं थेट मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या अंगणात जोडून विकायला काढली. तर जीपच्या तेव्हाच्या मालक कंपनीनं काय करावं? तिच्याहून चांगली आणि स्वस्त गाडी काढावी? नाही. आमच्यासारखी दिसते म्हणून तक्रार ठोकली. तक्रार कायद्यानं टिकली, रॉक्सरला चेहरा बदलावा लागला. पण मला त्यात एक दमलेला पहिलवान दिसला, आखाड्यात न उतरता पंचाशी हुज्जत घालणारा.

ही सवय जुनी आहे आणि तिचं मूळ चक्क कोंबडीत आहे. साठच्या दशकात युरोपनं अमेरिकन कोंबड्यांवर कर लावला. अमेरिकेनं चिडून बाहेरून येणाऱ्या छोट्या ट्रकवर २५ टक्के कर बसवला. कोंबडीचं भांडण मिटलं, कर १९६४ पासून आजतागायत आहे. त्या भिंतीआड डेट्रॉइटला पिकअप ट्रकची गुबगुबीत गादी मिळाली. त्यात नफा इतका की लहान गाडी नीट बनवायचं कोणाला सुचेना. २००९ मध्ये जनरल मोटर्सचं दिवाळं निघालं, तेव्हा अमेरिकन सरकारनं जवळपास पन्नास अब्ज डॉलर ओतले. त्यातले दहाहून अधिक अब्ज परत आले नाहीत. त्यातून काही शिकले असतील म्हणाल तर २०१८ मध्ये फोर्डनं जाहीर केलं की अमेरिकेत आता मस्टँग सोडून सेडान वगैरे बनवणारच नाही. आणि त्याच फोर्डचे प्रमुख जिम फार्ली २०२४ मध्ये सांगत होते की शाओमीची चिनी इलेक्ट्रिक गाडी आपण सहा महिने चालवतोय आणि परत द्यावीशी वाटत नाही. शाओमी! आपण जिचे मोबाइल घेतो ती. यावर अमेरिकन सरकारचा उपाय काय, तर चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १०० टक्के कर, आणि २०२५ मध्ये परदेशी गाड्यांवर आणखी २५ टक्के लावले. आपणही अशाच भिंतीआड वर्षानुवर्षं अॅम्बेसेडर आणि पद्मिनी सांभाळल्या, त्या भिंतीनं गाडीचं काय होतं हे आपल्याहून चांगलं कोणाला माहीत?

अमेरिकन कंपन्या इथून उठून जाण्याची ही पहिली वेळही नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडत होती. स्वातंत्र्यानंतर सरकारनं सांगितलं, नुसते खोके आणून जोडू नका, इथं बनवा. तेव्हाही फोर्ड आणि जनरल मोटर्स गाशा गुंडाळून गेल्या. वालचंद हिराचंदांनी मात्र क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याला कारखाना काढला होता, तो राहिला.

आता खरा मुद्दा. कंपनी जाते तेव्हा तिचा फक्त बोर्ड उतरतो. मागे माणसं राहतात. तळेगावला १,४१९ कामगारांना काढलं, त्यांचा लढा कोर्टकचेऱ्यांत वर्षानुवर्षं चालला. फोर्ड गेली तेव्हा डीलरांच्या संघटनेनं, फाडानं, आकडा दिला होता: १७० डीलर, ३९१ शोरूम, दोन हजार कोटींची गुंतवणूक आणि त्यावर पोट असलेले सुमारे ४० हजार लोक. जाण्याच्या पाच महिने आधीपर्यंत नवे डीलर नेमणं चालू होतं, असंही फाडानं तेव्हा सांगितलं. गिऱ्हाइकाचं म्हणाल तर सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवू असं फोर्ड म्हणाली आणि बऱ्याच अंशी ठेवलंही, हे प्रामाणिकपणे लिहितो. पण रातोरात गाडीची विकायची किंमत पडली, त्याचं काय? कर्जाचा हप्ता तर पडला नाही.

आणि मजा ऐका. हेच अमेरिकेत असं करता येत नाही! तिथं डीलरला वाऱ्यावर सोडणाऱ्या कंपनीविरुद्ध कोर्टात जाता यावं म्हणून १९५६ पासून केंद्राचा कायदा आहे, वर जवळपास प्रत्येक राज्याचा वेगळा. २००९ मध्ये दिवाळखोरीच्या नावाखाली डीलर तोडले, तर त्यांना दाद मागता यावी म्हणून तिथल्या संसदेनं वर्षाच्या आत कायदा केला. आपल्याकडे फाडा असा कायदा मागून थकली. संसदेच्या उद्योगविषयक स्थायी समितीनंही २०२१ मध्ये शिफारस केली. शिफारस फाइलीत आहे.

हे आत्ता लिहायचं कारण असं की पाहुणे परत यायला लागलेत. फोर्डनं चेन्नईजवळचा कारखाना पुन्हा चालू करायचं ठरवलंय, ३,२५० कोटी घालून. इंजिनं बनवणार, तीही निर्यातीसाठी. टेस्लानं २०२५ च्या जुलैत मुंबईत शोरूम उघडलं. परदेशी इलेक्ट्रिक कंपन्यांसाठी केंद्राची योजना आहे: ४,१५० कोटी गुंतवा आणि वर्षाला आठ हजार गाड्या फक्त १५ टक्के आयात करावर आणा. त्यासाठी बँक गॅरंटी घेतली जाते, ठीक. पण ती गॅरंटी कारखाना उभारण्याची आहे. गाड्या विकून दहा वर्षांनी कुलूप लावलं तर गिऱ्हाईक, डीलर आणि कामगार यांचं काय, याची नाही.

उद्या अशीच एखादी कंपनी मिहानमध्ये किंवा बुटीबोरीला जमीन मागायला येईल. आपण विदर्भाचे लोक कारखान्यासाठी आसुसलेले आहोत. टाटा-एअरबसचं मिहानमध्ये येणार येणार म्हणता म्हणता २०२२ मध्ये बडोद्याला गेलं, ते अजून ठसठसतं. म्हणून हार घेऊन धावायचा मोह होणारच, मलाही होईल. पण जमिनीचा कागद करताना त्याच कागदावर हेही लिहून घ्या: शेवटची गाडी विकल्यापासून दहा वर्षं सुटे भाग, डीलरची गुंतवणूक बुडवली तर भरपाई, कामगारांची देणी आधी, आणि या सगळ्याची रक्कम पहिल्या दिवसापासून वेगळ्या खात्यात. ज्या कंपनीला इथं खरंच राहायचंय, तिला यात अडचण काय?

विषय अवजड उद्योग खात्याचा आहे, हे मला ठाऊक आहे. पण देशात गाड्यांबद्दल ज्यांचा शब्द चालतो ते गडकरी साहेब आपल्याच शहराचे खासदार आहेत. चीनमध्ये गाड्या बनवून भारतात विकणं चालणार नाही, हे त्यांनी २०२२ मध्ये टेस्लाला जाहीर सुनावलं होतं. येतानाची अट त्यांनी सांगितली. जातानाचीही सांगावी, आणि लेखी घ्यावी. फाइलीतली ती २०२१ ची शिफारस आधी बाहेर काढावी.

ज्यांच्याकडे बंद पडलेल्या कंपनीची गाडी आहे, ज्यांनी अशा शोरूममध्ये किंवा वर्कशॉपमध्ये नोकरी केली आहे, त्यांनी खाली आपला अनुभव लिहा. नुसता अंगठा देऊ नका. पन्नास-शंभर अनुभव जमले तर छापून खासदारांच्या कार्यालयात नेऊन देतो. फिएस्टानंच जाईन.