गाण्याला वेळ कोण देणार?

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत मी बायकांच्या मंडळांचं काम करते. मोर्चा असो, आठ मार्च असो की ग्रामसभेच्या आधीची बैठक, गाणं लागतंच. आणि दर वेळी तीच जुनी पाच-सहा गाणी निघतात. "नवं कुणी रचलंय का गं?" म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं: "सुचतं ओ ताई, पण वेळ कुठाय?"

यावर आपल्यातल्याच काहीजणी चटकन सांगतात, "वेळ नसतो, काढावा लागतो." मला हे पटत नाही. काढायचा तर कुणाच्या वाट्यातून काढायचा, ते आधी बोलू या.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची जातात ८८, आणि मुळात हात लावणारे पुरुषच थोडे. मुलांचं, म्हाताऱ्यांचं, आजाऱ्यांचं करणं यात धरलेलं नाही, ते वेगळं. २०१९ च्या पाहणीत बाईचा हाच आकडा २९९ होता. म्हणजे पाच वर्षांत दहा मिनिटं वाचली! दहा मिनिटांत एखादं कडवं होईलही, पण ती सलग मिळतात कुठे? दोन इथे, तीन तिथे. मधे कुणीतरी हाक मारतंच.

आपल्या भागात पाहा. कुणी पहाटे डबा करून रांजणगावच्या कंपनीची बस गाठते. कुणी दौंडहून पुण्याची गाडी धरते. कुणी दिवसभर कांदा लावते आणि संध्याकाळी बचत गटाचा हिशोब करते. ऊसतोडीला आलेल्या बाईचा दिवस तर उजाडायच्या आधीच फडात सुरू होतो. हिला "वेळ काढ" म्हणणं म्हणजे "झोप कमी कर" म्हणणंच आहे.

मग कुणी विचारेल, आपल्या आज्यांना तरी कुठे वेळ होता? त्यांनी ओव्या रचल्याच ना? रचल्या, आणि किती! हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे महाराष्ट्रभरच्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. आपल्या शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचा आवाजही त्यात आहे. या बायकांना फुरसत नव्हती. पण पहाटेच्या त्या वेळी हात कामात आणि तोंड मोकळं असे. समोर जोडीला दुसरी बाई असे, एकीनं ओळ टाकली की दुसरी ती पुढे नेई. आणि पीठ पडत होतं तोवर त्यांना उठवायला कुणी येत नव्हतं. सासूची जाचणूक, माहेरची ओढ, लेकीची काळजी, नवऱ्याचा राग, सगळं तिथे बोलता येई.

जातं परत आणा असं मी म्हणत नाही. दळणानं हातांना घट्टे पडत आणि कंबर मोडे. पिठाची गिरणी आली हे चांगलंच झालं. पण गिरणीनं वाचवलेला तो तास बाईच्या हाती पडला नाही. तो मजुरीत गेला, शेतात गेला, घरात गेला. दळण सुटलं आणि त्यासोबत बोलायची हक्काची जागाही गेली. नवी जागा आपल्याला कुणी दिली नाही. कांद्याच्या लागणीत अजून तोंड मोकळं असतं, पण आता बांधावर मोबाईल गातो आणि आपण ऐकतो.

वेळ नुसता सुचायला लागत नाही. लिहून ठेवायलाही लागतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घर आणि शेत सांभाळताना त्या गाणी रचत गेल्या. मुलानं, सोपानदेवांनी, आणि घरच्यांनी ती टिपली, म्हणून त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, पुस्तक निघालं. ज्यांच्या घरात टिपणारं कुणी नव्हतं अशा बहिणाबाई गावोगाव होऊन गेल्या. आमच्याकडच्या एका आजींनी आडव्या बाटलीच्या मतदानाच्या वेळी दारूवर लांबलचक गाणं रचलं होतं. मतदानाच्या दिवशी अख्खी वस्ती ते म्हणत होती. आजी गेल्या. आता कुणाला एक ओळ आठवते, कुणाला दुसरी.

आपण लिहिलं नाही तर आपलं दुसरेच लिहितात. शिरूरहून न्हावरेमार्गे दौंडला जाताना चौफुला लागतो. तिथल्या संगीत बारीसाठी हे गाव महाराष्ट्रभर माहीत आहे. गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका, गाण्यातला 'मी' बाईचा, पण परंपरेनं आलेल्या लावण्या रामजोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव अशा पुरुष शाहिरांनी रचलेल्या. कला आणि मेहनत बाईची, शब्द मात्र दुसऱ्याचे. आपल्या मनातलं काय ते आपणच सांगायला नको का?

बैठकीत एक आक्षेप नेहमी येतो: "गाण्यानं नळाला पाणी येतं का?" येत नाही. पण पाण्यासाठी हंडे घेऊन चाळीस बायका तहसीलवर जातात तेव्हा त्यांना एका आवाजात आणतं ते गाणंच. १९८३ मध्ये स्त्री मुक्ती संघटनेनं ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं. भाषणाला न येणाऱ्या बायका ते बघायला आल्या आणि त्यातली गाणी घेऊन घरी गेल्या.

म्हणून माझं म्हणणं असं की गाण्याचा वेळ ही एकेकटीची खासगी भानगड नाही. ती संघटनेची जबाबदारी आहे. दौंड तालुक्यातल्या केडगावात पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात शेती, स्वयंपाक, छापखाना बायकांनी वाटून घेतला होता. त्याच व्यापात रमाबाईंनी अख्ख्या बायबलचं मराठी भाषांतर केलं, आणि तिथल्याच बायकांनी ते छापलं. एकटीला न जमणारं काम वाटून घेतलं की जमतं.

मग आपणही वाटून घेऊ. महिन्याच्या बैठकीत कर्जाच्या हप्त्यांइतकाच गाण्याचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर हवा आणि त्याला निदान अर्धा तास हवा. शेवटी उरलेला नको, सुरुवातीचा. त्या रात्रीचा स्वयंपाक घरातल्या पुरुषांनी करायचा, हे आधीच ठरवून सांगायचं. सांगायचं म्हणजे सांगायचंच, विनवायचं नाही. जिला लिहिता येतं तिनं दुसरीचं टिपून घ्यायचं. आठवी-नववीतल्या मुली हे काम आनंदानं करतात. आणि खाली रचणारीचं नाव घालायचं. जनाबाईनं दळता-कांडता रचलं आणि प्रत्येक अभंगात आपलं नाव घातलं, म्हणून आज आपण तिला ओळखतो. जात्यावरच्या हजारो जणींचं नाव कुठेच नाही.

मी स्वतः गाणी रचते. त्यातली निम्मी एसटीत झाली आहेत, कारण खिडकीशी बसलेल्या बाईला तिथे कुणी चहा मागत नाही. पण बाईला गाणं सुचायला एसटीत जागा मिळायची वाट बघावी लागू नये. तुमच्या मंडळात हा अर्धा तास सुरू करा. त्यातून काय निघतं ते एकमेकींना पाठवू या, आणि पुढच्या आठ मार्चला जुन्यांच्या जोडीला दोन तरी नवी गाणी म्हणू या, रचणारीचं नाव घेऊन.