अर्जावरचा 'गट' हा रकाना

साठी ओलांडलेली मंडळी हल्ली सायकल स्पर्धेच्या वैद्यकीय प्रमाणपत्रासाठी दवाखान्यात येतात. अर्जावर मी प्रथम 'गट' हा रकाना पाहतो. पुष्कळदा तेथे 'खुला' असे लिहिलेले असते. खुला म्हणजे सर्वांना मोकळा, असा सरळ अर्थ घेतलेला असतो. प्रत्यक्षात त्या गटात वयाची वरची मर्यादा नसते, म्हणजेच रोज सराव करणारी विशीतील मुले आपल्या शेजारी उभी असतात. त्यांच्या मागे राहू नये म्हणून पहिल्या दहा मिनिटांत जी धडपड होते, तिची मला धास्ती वाटते.

आपल्याकडील स्थानिक स्पर्धांत गट सामान्यतः वय, स्त्री-पुरुष, अंतर आणि सायकलीचा प्रकार यांवरून पडतात. साध्या सायकलीचा गट वेगळा असेल, तर गिअरवाल्यांत नाव देऊ नये. आंतरराष्ट्रीय पातळीवर पस्तिशीनंतरच्या स्पर्धकांना 'मास्टर्स' म्हणतात व त्यांचे बहुधा पाच-पाच वर्षांचे गट करतात. तेथे वय वाढदिवसावरून नव्हे, वर्षावरून मोजतात. डिसेंबर 1965 चा जन्म असेल, तर जानेवारी 2026 मध्येही आपण 61 चे. आपल्या आयोजकांची रीत वेगळी असू शकते, म्हणून विचारून घ्यावे.

वयोगट म्हणजे कमीपणा, असे ज्यांना वाटते त्यांना मी रॉबेर मार्शां या फ्रेंच गृहस्थांचे उदाहरण देतो. 2012 मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, त्यांनी आपल्या वयोगटात तासाभरात 24 किलोमीटरहून थोडे अधिक अंतर कापले. दोन वर्षांनी तेच अंतर जवळजवळ 27 किलोमीटर झाले! त्यांच्या सरावातील बहुतेक भाग हलक्या वेगाचा होता, जोराचा थोडाच. हे प्रमाण आपणही ध्यानात ठेवावे. सायकल चालवताना पूर्ण वाक्य बोलता येत असेल, तर वेग हलका समजावा.

ज्यांना शर्यतीपेक्षा पल्ल्याची ओढ आहे, त्यांच्यासाठी 'ब्रेव्हे' हा प्रकार आहे. त्यात क्रमांक नसतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पुरे केले की झाले. वयाची सवलत मात्र तेथे मिळत नाही. नवख्याने थेट तेथे जाऊ नये.

आता औषधांविषयी, कारण कोणताही गट ती विचारात घेत नाही. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा अटेनोलॉल चालू असेल, तर नाडी फारशी वाढत नाही. मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबून श्रम वाढवू नयेत. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांच्या अंगातील पाणी व क्षार लवकर कमी होतात. ग्लिमेपिराइड वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी, आणि हात थरथरून घाम फुटला तर आधी थांबून ती खावी. क्लोपिडोग्रेलसारखे रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना डोक्याला मार बसल्यास, जखम दिसत नसली तरी रुग्णालय गाठावे. मात्र स्पर्धेसाठी कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. चढावर छातीत दडपण येत असेल, तर अर्ज बाजूला ठेवून आधी ईसीजी, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास ताणचाचणी करावी.

बीडहून मांजरसुंब्याच्या घाटाकडे सरावाला जाणाऱ्यांना आणखी एक सांगणे आहे. थंडीचे दिवस सायकलीला उत्तम, पण तेच ऊसतोडीचेही दिवस. पहाटेच्या अंधारात उसाने भरलेली ट्रॉली जवळ येईपर्यंत दिसत नाही. तिला मागे दिवा असेलच असे नाही. उजाडल्यावरच निघावे, मग ऊन थोडे लागले तरी चालेल.

घरच्यांनी वडिलांना वा आईला अडवण्यापेक्षा एक काम करावे. चालू औषधांची नावे, रक्तगट आणि आपला दूरध्वनी क्रमांक एका कागदावर लिहून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा आणि सदऱ्याच्या खिशात ठेवावा. घामाने शाई पसरते, म्हणून पिशवी विसरू नये.