नाही म्हणा, पण कळवा

आमच्या कोर ऑफ सिग्नल्सचं बोधवाक्य 'तीव्र चौकस'. जबलपूरला उस्तादांनी पहिल्याच महिन्यात डोक्यात भरवलं होतं: संदेश पोहोचला नाही, तर पाठवणाऱ्याला ते कळलंच पाहिजे.

उत्तरेकडच्या एका पोस्टिंगवर घरी फोन लावायला इंटरनेट टेलिफोनी होती. काही फोन लागतच नसत. ना एंगेज टोन, ना 'नंबर चुकीचा आहे'. एका जवानाची बायको बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. गडी दोन दिवस रांगेत उभा राहून नुसती शांतता ऐकत होता. मुलगी झाल्याचं त्याला तिसऱ्या दिवशी समजलं.

शोधल्यावर दोन दोष सापडले. नवे हँडसेट फोन लावताना 'इनव्हाइट' विनंतीत कोडेकची लांबलचक यादी भरत. 2002 च्या आरएफसी 3261 चा नियम साफ आहे: वाटेची मर्यादा ठाऊक नसेल आणि विनंती 1300 बाइटपेक्षा मोठी असेल, तर यूडीपी सोडून टीसीपीसारखी वाट धरा. आमची यूडीपीवरच जायची, तिचे तुकडे व्हायचे आणि एक तुकडा गळाला की सगळीच बाद. यादी छाटली, टीसीपी चालू केलं, फोन लागले.

दुसरा दोष चुकलेल्या वाटेचा. दोन सर्व्हर काही नंबर एकमेकांकडेच ढकलत होते. यासाठी विनंतीत 'मॅक्स-फॉरवर्ड्स' आकडा असतो. बहुधा 70 पासून सुरू होतो, दर टप्प्याला एकने घटतो. संपला की 483 हे उत्तर परत जायला हवं. आमच्याकडे सुरक्षेच्या नावाखाली अशी उत्तरं बंद करून ठेवली होती.

परक्याने दार ठोठावलं तर गप्प बसा, हे मलाही मान्य आहे. पण आपल्याच माणसाला 404, 483 किंवा 'संदेश फार मोठा' सांगणारा 513 नाकारणं म्हणजे सुरक्षा नव्हे, आळस आहे. उत्तर मिळालं असतं, तर त्या जवानाने पहिल्याच दिवशी आम्हाला येऊन सांगितलं असतं, आणि आम्हीही दोष तेव्हाच शोधला असता.

विनंतीवर वाटेतला प्रत्येक सर्व्हर 'व्हाया' म्हणून आपलं नाव लिहितो आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. पेन्शनच्या अर्जासाठी खेटे घातलेल्या माजी सैनिकांना यातलं मर्म वेगळं सांगायला नको. शिक्के आपल्या अर्जावरही पडतात. उत्तर तेवढं परत येत नाही.

जय हिंद!