उंचीची भीती असणाऱ्यांनी जंगल कसे पाहावे?



रब्बीची मळणी आटोपते, माल घरात येतो आणि मृगाला अजून अवकाश असतो. अशा वेळी चार दिवस कुठेतरी जाऊन यावे, असे घरात बोलणे निघते. मुलांना वाघ पाहायचा असतो. गाडी ठरते, खर्चाचा अंदाज होतो, आणि मग घरातलेच कोणीतरी म्हणते, "तुम्ही जाऊन या. गुरांना कोण बघणार?" बहुधा ही घरची आई असते, कधी आजोबा, तर कधी चांगला धट्टाकट्टा तरुणही. दोन दिवस गुरांना वैरण-पाणी शेजारी करतो, हे सर्वांनाच ठाऊक असते. खरे कारण पुष्कळदा निराळे असते. घाटात खाली पाहिले की त्या माणसाचे पाय गळतात, पोटात गोळा येतो. हे सांगायची लाज वाटते, म्हणून गुरे पुढे केली जातात.

ही भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे, हे घरातल्या सर्वांनी आधी समजून घ्यावे. १९६० साली अमेरिकेत एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका मेजावर जाड काच बसवून पलीकडच्या भागाखाली खोलगट जागा दिसेल असे केले होते. रांगणारी बहुतेक मुले आईने बोलावले तरी त्या खोल भागावर गेली नाहीत. एक दिवसाच्या करडांनीही तिकडे पाय टाकला नाही. उंची ओळखून थांबणे ही निसर्गाचीच देणगी आहे. कोणात ती बेताची असते, कोणात जास्त.

त्यामागचे कारणही सोपे आहे. आपला तोल डोळे, कानाचा आतला भाग आणि पायांचे स्नायू मिळून सांभाळतात. कड्यावर उभे राहिले की डोळ्यांना जवळ स्थिर असे काही सापडत नाही. शरीर थोडे डुलते, आणि आपण पडतो आहोत असे वाटू लागते. अशा वेळी खाली बसावे, काहीतरी घट्ट धरावे आणि नजर जवळच्या झाडावर किंवा दगडावर ठेवावी. बरे वाटते.

येथे एक फरक ध्यानात घ्या. वळणावर मळमळणे, म्हणजे गाडी लागणे, ही वेगळी तक्रार आहे. सपाट जमिनीवर किंवा अंथरुणात कुशीवर वळताना गरगरत असेल, तर तो कानाचा किंवा रक्तदाबाचा दोष असू शकतो. अशा माणसाने निघण्यापूर्वी डॉक्टरांना दाखवावे. मनाने झोपेच्या गोळ्या घेऊ नयेत.

जंगल निवडताना

पिकाचा वाण आपण जमीन पाहून निवडतो. सहलीचे ठिकाणही माणूस पाहून निवडावे. महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत. त्यांपैकी चंद्रपूर जिल्ह्यातले ताडोबा, गोंदिया जिल्ह्यातले नवेगाव आणि नागपूरजवळचे पेंच ही तीन घाटाच्या भीतीने मागे राहणाऱ्यांसाठी सोयीची. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. ते राज्यातले सर्वांत जुने. चंद्रपूरहून मोहर्लीच्या फाटकापर्यंतचा रस्ता बराचसा सपाट आहे. लांबून येणाऱ्यांनी रेल्वेने चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे, म्हणजे वाटेतले घाटही टळतात.

गुगामल उद्यान मेळघाटात, सातपुड्याच्या रांगांत आहे. तेथे घाट चुकत नाही. चिखलदरा तर समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर आहे. चांदोली सह्याद्रीत आहे. तेथे कोकणातून घाट चढून येण्यापेक्षा देशावरून वारणेच्या खोऱ्यातून जाणे सोपे. बोरिवलीचे संजय गांधी उद्यान मुंबई शहराला लागूनच आहे, मात्र कान्हेरी लेण्यांत खडकातल्या पायऱ्या चढाव्या लागतात.

पहिल्या वर्षी ताडोबा करावे आणि धीर आला तर पुढे मेळघाट, हा क्रम उत्तम.

घाटातून जावेच लागले तर

घाट दिवसाउजेडी चढावा आणि उतरावा. ओव्हरटेक करू नये, गाडी सावकाश चालवावी, हे ड्रायव्हरला घरूनच सांगून ठेवावे. उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये असावी, म्हणजे ब्रेक तापत नाहीत. ज्याला उंचीची भीती आहे त्याने स्वतः गाडी चालवू नये.

आपल्याकडे वाहन रस्त्याच्या डावीकडून चालते. डोंगर डाव्या हाताला असेल तर गाडी डोंगराच्या कडेने जाते आणि दरी रस्त्यापलीकडे राहते. नागमोडी घाटात ही बाजू वळणागणिक बदलते, म्हणून भिणाऱ्याला मागच्या बाकावर मधोमध बसवावे. पोट अगदी रिकामे नसावे आणि तुडुंबही नसावे. श्वास हळू घ्यावा आणि त्याहून हळू सोडावा.

मेळघाटात पोहोचल्यावर प्रत्येकाने कड्याच्या टोकावर गेलेच पाहिजे असे नाही. चिखलदऱ्याला कॉफीची लागवड आहे, ती शेतकऱ्याने मुद्दाम पाहावी. कोलकासला सिपना नदीचा काठ आहे. मुले कड्यावर गेली तर आईने तोवर झाडाखाली बसावे. त्यात कमीपणा नाही.

जंगलातली फेरी उघड्या जीपमधून असते. मागची बाके उंच असतात, म्हणून पुढचे बाक मागून घ्यावे. मचाणावर चढण्याची सक्ती नसते. फेरीची नोंदणी आधी करावी लागते आणि ओळखपत्र जवळ ठेवावे लागते. पावसाळ्यात गाभ्यातले जंगल बंद असते आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टीही असते. दिवस ठरवण्यापूर्वी चौकशी करावी.

महिनाभर आधी

रोपवाटिकेतले रोप आपण एकदम रानात लावत नाही. आधी पाणी कमी करून ते काटक करतो. भीतीचेही तसेच आहे. ज्याची इच्छा असेल त्याने कठडा असलेल्या गच्चीवर सोबतीला कोणी घेऊन उभे राहावे. प्रथम कठड्यापासून दूर, नंतर रोज एक पाऊल जवळ. छातीची धडधड शांत होईपर्यंत तेथेच थांबावे आणि मग खाली उतरावे. धडधड चालू असताना पळ काढला तर भीती मुरते. मात्र कोणी ओढून नेऊ नये आणि मागून ढकलण्याची थट्टा तर कधीच करू नये.

शेवटचे सांगणे घरातल्या कर्त्या मंडळींना आहे. निघण्याआधी त्या माणसाला सर्वांसमोर शब्द द्या, "तू थांब म्हणालास की गाडी थांबेल." आणि तो शब्द पाळा. आपल्यामुळे दुसऱ्यांचा खोळंबा होईल, ही धास्ती पुष्कळदा दरीपेक्षा मोठी असते. ती काढून टाकलीत, तर अर्धा घाट तेथेच चढून होईल.