चट्टे, पथ्य आणि वजनकाटा

किराणा मालाचे दुकान, वय पन्नाशीपुढे आणि भर उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. कोपरांवरील लालसर, चंदेरी पापुद्र्यांचे चट्टे गिऱ्हाइकांच्या नजरेस पडू नयेत, एवढाच त्या व्यापारी गृहस्थांचा हेतू. सोरायसिसचे निदान होताच आप्तेष्टांचे सल्ले सुरू झाले. कोणी दूध सोडावयास सांगितले, कोणी टोमॅटो-वांगी, कोणी गहू. वर्षभरात ताट रिकामे होत गेले. चट्टे मात्र तसेच राहिले. पथ्यावर विसंबून त्यांनी औषधही सोडले, तेव्हा ते पाठीवर पसरले.

सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही, हे प्रथम घरातील सर्वांनी ध्यानात घ्यावे. प्रतिकारशक्तीतील बिघाडामुळे त्वचेच्या नव्या पेशी महिनाभराऐवजी अवघ्या काही दिवसांत वर येऊन साचतात. त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. म्हणून एखादा पदार्थ वर्ज्य केल्याने हा विकार समूळ जात नाही.

मग आहाराचे महत्त्व कशात? अमेरिकेतील नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये आहारविषयक शिफारशी प्रसिद्ध केल्या. स्थूल रुग्णांनी कमी उष्मांकाच्या आहाराने वजन घटवावे, ही त्यांतील ठाम शिफारस. शरीरातील अतिरिक्त मेद दाह वाढवितो. तो उतरला की चट्टे सौम्य होण्यास व औषधांचा गुण येण्यास साहाय्य होते. गहू वर्ज्य करण्याचा लाभ मात्र ज्यांच्या रक्ततपासणीत ग्लुटेनविषयक दोष आढळतो, त्यांनाच संभवतो. मद्य सर्वांनीच टाळावे. काही औषधांसमवेत ते यकृतास घातक ठरते.

त्या गृहस्थांना त्वचारोगतज्ज्ञांनी प्रथम वजनकाट्यावर उभे केले. दूध, गहू, टोमॅटो ताटात परतले. गेले ते गल्ल्यावरचे फरसाण, दिवसभरातील साखरेचे चहा आणि दुकान वाढविल्यानंतरचे रात्रीचे जड जेवण. औषध पुन्हा नियमित झाले, पहाटेचे चालणे सुरू झाले. उपवासाच्या दिवसांत गोळ्यांचे काय करावे, हेही त्यांनी आधीच विचारून घेतले. कारण औषध परस्पर थांबविल्यास विकार उसळू शकतो.

काही महिन्यांत वजन उतरले. चट्टे पूर्णपणे गेले नाहीत, पण फिकटले. यंदाच्या उन्हाळ्यात ते गृहस्थ अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात गल्ल्यावर बसले.