घरची मोटार : प्लगचा आकडा

इचलकरंजीच्या एका गृहस्थांनीं विचारलें आहे कीं, त्यांच्या पुतण्यानें टर्बोची वेगवान मोटार घेतली असून तो आतां तिला ‘रेसिंगचे’ स्पार्क प्लग बसवावयास निघाला आहे. होकार द्यावा कीं नकार? कोल्हापुरांत मोहिते रेसिंग अकॅडमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. तेव्हां जिल्ह्यांतील मुलांस शर्यतीची ओढ वाटावी यांत नवल नाहीं. होकार द्यावा, मात्र आधीं त्यास विचारावें कीं, नव्या प्लगचा उष्णतेचा आकडा कोणता?

ठिणगी पाडणें हें प्लगचें एक काम. आपल्या टोंकाची उष्णता सिलिंडर हेडमध्यें सोडणें हें दुसरें, आणि वेगवान एंजिनांत तेंच अधिक नाजूक. टोंक सुमारें ५०० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलें नाहीं, तर त्यावरील काजळी जळत नाहीं व ठिणगी चुकते. ८५० च्या फार वर गेलें, तर तापलेलें टोंकच ठिणगीपूर्वीं मिश्रण पेटवतें, आणि ही अवेळची आग पाहतां पाहतां पिस्टनला भोंक पाडूं शकते. उष्णता लवकर सोडणारा तो ‘थंड’ प्लग, धरून ठेवणारा तो ‘गरम’. टर्बोचा दाब मुद्दाम वाढविलेल्या एंजिनास बहुधा एक पायरी थंड प्लग लागतो. मोटार मूळ स्थितींत असेल, तर मोटार-कंपनीनें नेमून दिलेलाच उत्तम.

घोटाळा होतो तो आकड्यांत. एनजीके कंपनीचा आकडा वाढला कीं प्लग थंड. बॉशचा वाढला कीं गरम! इचलकरंजीकरांस याचें आश्चर्य वाटूं नये. ४० काउंटचें सूत २० पेक्षां बारीक, पण १५० डेनियरचा धागा ७५ पेक्षां जाड, हें तेथें कोणास शिकवावें लागत नाहीं. दुकानदारानें ‘एक नंबर वरचा’ दिला, तर कोणत्या कंपनीचा, हें म्हणूनच पाहावें.

इरिडियमचें टोंक २४०० अंशांपलीकडे वितळतें, म्हणून तें बारीक करतां येतें व पुष्कळ टिकतें. धडधाकट एंजिनाची शक्ति त्यानें वाढते, ही मात्र समजूतच. टर्बोच्या दाट मिश्रणांतून ठिणगीस उडी मारणें जड जातें, म्हणून गॅप कमी ठेवतात. ती जुळवितांना बारीक टोंकावर हत्यार टेकवूं नये.

प्लग काढावयाचे ते एंजिन पूर्ण निवल्यावरच. अल्युमिनियमचें हेड गरम असतां आटे बिघडतात. आधीं प्लगच्या खांचेंत हवा मारावी, मागाच्या गांवीं तर अवश्य. नवा प्लग बोटांनींच टेकेपर्यंत फिरवावा. पुढें टॉर्क पाना हवा. वॉशर असलेल्या १४ मिलिमीटरच्या प्लगास साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरतात, परंतु मोटारीच्या पुस्तिकेंतील आकडा प्रमाण मानावा.

जुने प्लग सिलिंडरच्या क्रमानें मांडून पाहावे. टोंकाशेजारील चिनी माती फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. काळी असेल तर पेट्रोल जास्त जात आहे किंवा प्लग फार थंड आहे. ती पांढरीफटक, फोड आल्यासारखी दिसली, तर कारण सांपडेपर्यंत पुतण्यानें मोटार ट्रॅकवर नेऊं नये.